विनोद कांबळी : तेविसाव्या वर्षी आटोपलेली कसोटी

चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या जंगलमुलुखातील मंडळींना कसोटी सामना डोळ्यांनी पाहावयाचा, तर नागपूर गाठण्यावाचून गत्यंतर नाही. १९९४ सालच्या डिसेंबरात तेथील विदर्भ क्रिकेट संघटनेच्या जुन्या मैदानावर भारत आणि वेस्ट इंडीज यांचा सामना झाला. सचिन तेंडुलकरने त्यात १७९ धावा काढल्या, आणि नागपूरकरांना वर्षानुवर्षे पुरेल असा विषय मिळाला. त्याच सामन्यात त्याचा शाळासोबती विनोद कांबळी मात्र आला तसा परतला. ह्या दुसऱ्या गोष्टीचा फारसा गवगवा झाला नाही, आणि होण्याचे कारणही नव्हते. कांबळीचे वय तेव्हा २२ वर्षांचे. चार कसोटी शतके, त्यांपैकी दोन द्विशतके, त्याच्या नावावर जमा होती. एखाद्या मालिकेत फलंदाजाचा हात अडखळतो, पुढच्या मालिकेत सुटतो. तसेच येथेही होईल, असेच सर्वांनी धरले. तसे झाले नाही. त्यानंतर एक वर्षही लोटले नाही तोच त्याचा शेवटचा कसोटी सामना खेळून झाला होता.

हे असे का झाले, ह्या प्रश्नाला महाराष्ट्रातील घराघरांत दोन उत्तरे तयार असतात. एक असे की, मुलगा गुणी होता, पण यश डोक्यात गेले. अंगठ्या, साखळ्या, मेजवान्या आणि जागरणे यांत त्याने स्वतःचे वाटोळे करून घेतले. दुसरे असे की, त्याला अन्यायाने डावलण्यात आले. दोन्ही उत्तरे सोयीची आहेत, कारण एकदा ती दिली म्हणजे पुढे विचार करावा लागत नाही. वस्तुस्थितीकडे पाहू लागले म्हणजे मात्र दोहोंपैकी एकही पुरते पडत नाही.

विनोद गणपत कांबळी याचा जन्म १८ जानेवारी १९७२ चा. मुंबईच्या उपनगरांपैकी कांजूरमार्ग येथे, इंदिरानगरच्या वस्तीत, त्याचे बालपण गेले. वडील यंत्रकारागीर होते; स्वतः क्लब क्रिकेटात वेगवान गोलंदाजी टाकीत. घर लहान, माणसे पुष्कळ. दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात आणि शिवाजी पार्कावर पोहोचावयाचे, म्हणजे खेळाच्या सामानाची अवजड पिशवी घेऊन मध्य रेल्वेच्या लोकल गाडीत शिरावयाचे. मुंबईच्या गाड्यांची गर्दी ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना ह्या एका वाक्यात पुष्कळ काही कळेल.

त्याच्याबरोबर त्याच मैदानावर घडणारा दुसरा मुलगा वांद्र्याच्या साहित्य सहवासातला. त्याचे वडील रमेश तेंडुलकर मराठीचे प्राध्यापक आणि कवी. थोरला भाऊ अजित त्याला हाताशी धरून आचरेकर सरांकडे घेऊन आला; सरावासाठी दूरच्या फेऱ्या पडू नयेत म्हणून मुलाची शाळा बदलली गेली, आणि शिवाजी पार्काजवळ राहणाऱ्या काका-काकूंच्या घरी त्याची राहण्याची सोय झाली. ही तुलना कोणास कमी लेखण्यासाठी नाही. दोन्ही मुलांना देवाने हात दिले होते. परंतु एकाच्या पाठीशी घरातील चार शहाणी माणसे सतत उभी होती आणि त्यांना ह्या खेळाच्या जगात काय चालते याची पारख होती. दुसऱ्याच्या घरात माया असली तरी अशी सवड व सोय नव्हती. लहानपणी हा फरक दिसत नाही, कारण मैदानावर दोघांनाही एकच गुरू असतो.

तो गुरूही विलक्षण. रमाकांत आचरेकर यांची शिकवण म्हणजे दिवसभर सामने. मुलगा एका मैदानावर बाद झाला, की त्याला दुसऱ्या मैदानावर दुसऱ्या संघातून उतरवावयाचे. जाळीतल्या सरावाच्या अखेरीस यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवावयाचे; जो गोलंदाज बाद करील त्याचे ते नाणे, कोणी बाद करू शकला नाही तर फलंदाजाचे. स्तुती म्हणून करावयाची नाही. ह्या शाळेतून भारतीय संघात जितके खेळाडू गेले, तितके देशातल्या दुसऱ्या कोणत्याही एका मास्तरांच्या हाताखालून क्वचितच गेले असतील. १९९० साली आचरेकरांना द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० साली पद्मश्री मिळाली.

ह्या पद्धतीचे फळ २३ ते २५ फेब्रुवारी १९८८ ह्या तीन दिवसांत आझाद मैदानावर साऱ्या देशाने पाहिले. हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमची गाठ सेंट झेवियर्सशी पडली. दोन गडी बाद झाल्यावर कांबळी आणि तेंडुलकर एकत्र आले, ते पुन्हा वेगळे झालेच नाहीत. ६६४ धावांची अभेद्य भागीदारी झाली. कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६. डाव सोडण्याचा निरोप सरांकडून आलेला. पण सरांचे साहाय्यक सीमारेषेपलीकडून ओरडत असता ही पोरे त्यांच्याकडे बघण्याचेच टाळीत होती, अशी मौज दोघांनीही पुढे सांगितली आहे. शेवटी दूरध्वनीवर सरांचा आवाज ऐकून डाव सोडावा लागला, आणि कांबळीची ३५० ला एक धाव कमी पडली. त्यानंतर ह्याच मुलाने चेंडू हाती घेऊन ३७ धावांत ६ गडी बाद केले. १६ वर्षांच्या मुलाकडून ह्याहून अधिक ते काय मागावयाचे? पुढील अठरा वर्षे, म्हणजे २००६ सालापर्यंत, ही भागीदारी जगात सर्वांत मोठी राहिली.

त्या दिवसापासून दोघांची नावे जोडीने घेतली जाऊ लागली; आणि कांबळीच्या पुढील आयुष्याचे अर्धे ओझे ह्या जोडनावातच होते, असे म्हणण्यास हरकत नाही. सचिन १९८९ साली, सोळाव्या वर्षी, पाकिस्तानात कसोटी खेळला. कांबळीला आणखी तीन वर्षांहून अधिक काळ थांबावे लागले. तो स्वस्थ बसला नव्हता. रणजी सामन्यांतील आपल्या पहिल्याच चेंडूवर त्याने षटकार मारला, ही गोष्ट मुंबईत अजूनही सांगतात. १९९१ च्या ऑक्टोबरात शारजा येथे त्याने एकदिवसीय सामन्यांत पदार्पण केले. कसोटीचे दार उघडले ते जानेवारी १९९३ मध्ये कलकत्त्यास, इंग्लंडविरुद्ध.

त्यापुढचे सहा-सात महिने हे भारतीय क्रिकेटच्या बखरीतील एक नवलाचे पान आहे. फेब्रुवारीत मुंबईच्या वानखेडे मैदानावर इंग्लंडविरुद्ध २२४. मार्चमध्ये दिल्लीस झिंबाब्वेविरुद्ध २२७. लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतके करणारे त्याच्या आधी जगात दोघेच होते, वॉल्टर हॅमंड आणि डॉन ब्रॅडमन. त्यानंतर त्याच वर्षी कोलंबोस श्रीलंकेविरुद्ध १२५, आणि पुढच्या कसोटीत १२०. लागोपाठच्या तीन डावांत तीन निरनिराळ्या देशांविरुद्ध शतके ठोकण्याचा विक्रम ह्यातच झाला. सात कसोटी संपल्या तेव्हा त्याच्या ७९३ धावा झाल्या होत्या आणि सरासरी होती ११३. चौदाव्या डावात त्याने १००० धावा पुऱ्या केल्या. इतक्या थोड्या डावांत तो टप्पा दुसऱ्या कोणाही भारतीयाने गाठलेला नाही. उंच उचललेली बॅट, फिरकी गोलंदाजापुढे नाचत पुढे येणारे पाय आणि चेंडू हवेतून भिरकावून देण्याची बेफिकिरी पाहून प्रेक्षक खुळावून गेले. शेन वॉर्नसारख्या फिरकीच्या बादशहाला त्याने एका षटकात २२ धावांचा प्रसाद दिला होता.

हे वैभव कोठे मिळाले, याकडे मात्र थोडे बारकाईने पाहावे लागते. चारही शतके भारतात आणि श्रीलंकेत झाली. तेथील खेळपट्ट्यांवर चेंडू सहसा गुडघा ते कंबर इतकाच उठतो. वेस्ट इंडीजचा संघ १९९४ च्या अखेरीस आला तो कोर्टनी वॉल्श आणि केनेथ बेंजामिन यांना घेऊन. त्यांनी टप्पा आखूड केला आणि चेंडू डावखुऱ्या कांबळीच्या बरगड्यांच्या आणि गळ्याच्या रोखाने येऊ लागले. ताशी १४० किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचण्यास अर्धा सेकंदही घेत नाही. तेवढ्यात खाली वाकावयाचे, मान बाजूस न्यावयाची, की बॅट आडवी फिरवावयाची, याचा निर्णय डोक्याने करून चालत नाही. तो अंगवळणीच पडलेला असावा लागतो. ज्याची बॅट उंचावरून फिरत येते, त्याला ती वेळेवर खाली किंवा बाजूला आणणे अधिकच कठीण. मुंबई, नागपूर आणि मोहाली ह्या तीन कसोटींतील सहा डावांत मिळून कांबळीच्या ६४ धावा झाल्या.

हा दोष होता यात शंका नाही. परंतु तो असाध्य होता काय? उसळत्या चेंडूने गांगरलेले आणि नंतर सावरलेले फलंदाज क्रिकेटच्या इतिहासात कमी नाहीत. त्यासाठी दोन गोष्टी लागतात : महिनोन्‌महिने तोच एक चेंडू खेळत राहण्याचा कंटाळवाणा सराव, आणि तो करवून घेणारा माणूस. आशियाबाहेर, जेथे अशा चेंडूची सवय होते, तेथे कांबळीच्या वाट्याला अवघी एक कसोटी आली, न्यूझीलंडमधील. संघाबरोबर व्यवस्थापक असत. परंतु केवळ फलंदाजी शिकविणारा निराळा प्रशिक्षक, शरीराची निगा पाहणारा तज्ज्ञ, मनाचा वैद्य अशी माणसे जवळ बाळगण्याची चाल त्या काळी आपल्याकडे नव्हती. राष्ट्रीय क्रिकेट अकादमी बंगळुरास स्थापन झाली ती २००० साली. कांबळी आपला अखेरचा एकदिवसीय सामना खेळला तोही २००० सालीच.

कटक येथे नोव्हेंबर १९९५ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध झालेली कसोटी ही त्याची सतरावी आणि शेवटची. एकूण धावा १०८४, सरासरी ५४.२०. गंमत म्हणा की विपर्यास म्हणा, दोनशे कसोटी खेळून निवृत्त झालेल्या त्याच्या मित्राची सरासरी ५३.७८ आहे! आकडे असे फसवे असतात. १०८४ पैकी ७९३ धावा पहिल्या सात कसोटींतल्या. उरलेल्या दहांत केवळ २९१. निवड समितीला सर्वस्वी दोष देणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा. पण तेवढ्यानेही प्रश्न संपत नाही. तेविसाव्या वर्षी गेलेला खेळाडू पुन्हा एकदाही कसोटीच्या लायक ठरू नये, हे पटण्यासारखे नाही. जून १९९६ मध्ये लॉर्ड्सच्या मैदानावर सौरव गांगुलीने पदार्पणातच शतक केले, राहुल द्रविडने ९५ धावा काढल्या, आणि मधल्या फळीतील जागा पुढील अनेक वर्षांसाठी भरून गेल्या. आगगाडीतून क्षणभर फलाटावर उतरावे आणि गाडी सुटावी, तशातला हा प्रकार झाला.

एकदिवसीय सामन्यांत त्याला वरचेवर बोलावणे येत राहिले. नऊ वेळा तो संघात परत आला असे सांगतात. त्यांपैकी १९९६ च्या विश्वचषकाची आठवण सर्वांच्या मनात घर करून आहे. ६ मार्चला कानपूरला झिंबाब्वेविरुद्ध त्याने १०६ धावा केल्या. आठवड्याने, १३ मार्चला, कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर श्रीलंकेशी उपांत्य सामना होता. १ बाद ९८ वरून भारताचा डाव ८ बाद १२० असा कोसळला. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, आसनांना आगी लावल्या. सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला. कांबळी १० धावांवर नाबाद होता. मैदान सोडताना तो हुंदके देत होता, आणि ते दृश्य दूरचित्रवाणीवर कोट्यवधी लोकांनी पाहिले. त्याची दोन्ही द्विशतके ज्यांना आठवत नाहीत, त्यांनाही ते रडणे आठवते.

मुंबईकडून मात्र तो खेळतच होता, आणि उत्तम खेळत होता. प्रथम श्रेणीच्या १२९ सामन्यांत ९९६५ धावा, ३५ शतके, सरासरी ५९.६७; हे आकडे कोणाही मोठ्या फलंदाजास शोभतील. वागणुकीविषयीच्या कुरबुरी कानांवर येत. कर्णकुंडल, निरनिराळ्या तऱ्हेची केशरचना, महागडे कपडे यांची वर्णने वर्तमानपत्रे चवीने छापीत. कांजूरमार्गच्या दाटीतून आलेल्या तरुणाच्या हाती एकाएकी पैसा आला आणि त्याने तो अंगावर मिरवला, यात नवल ते काय? पुढील काळात जे बूट, गाड्या आणि केशरचना म्हणजे खेळाडूचे भूषण समजले गेले, तेच १९९५ साली बेशिस्तीचा पुरावा मानले जात होते. अर्थात सारेच काही कपड्यांपुरते नव्हते. मद्याची सवय जडली होती, आणि ती पुढे बळावत गेली. हे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले आहे, म्हणूनच येथे त्याचा उल्लेख.

अशी माणसे केवळ आपल्याकडे आणि केवळ क्रिकेटातच होतात असे नाही. फुटबॉलच्या जगात तर ह्याची उदाहरणे ठसठशीत आहेत. ब्राझीलचा गारिंशा एका कापडगिरणीच्या गावात जन्मला. दोन्ही पाय वाकडे, एक दुसऱ्याहून आखूड. त्याच वाकड्या पायांनी त्याने १९५८ आणि १९६२ ह्या दोन विश्वचषकांत प्रतिस्पर्ध्यांची त्रेधा उडविली. १९६२ साली पेले जखमी होऊन बसला असता विजयाचा भार मुख्यत्वे ह्यानेच वाहिला. आकडा न लिहिलेल्या करारपत्रांवर तो सह्या करून देई, आणि क्लब मागाहून हवा तो आकडा भरी, असे त्याच्याविषयी सांगतात. १९८३ साली, वयाच्या ४९ व्या वर्षी, दारूने पोखरलेल्या देहाने तो गेला, तेव्हा अंत्ययात्रेला अफाट लोटले ते लोक जिवंतपणी त्याच्याकडे फिरकले नव्हते. मँचेस्टर युनायटेडचा जॉर्ज बेस्ट हा बाविसाव्या वर्षी युरोपातील सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला आणि सत्ताविसाव्या वर्षी त्या क्लबातून बाहेर पडला. २००२ साली त्याचे यकृत बदलण्यात आले. २००५ साली तो वारला. तिघांच्या कहाण्या एकसारख्या नाहीत, पण एक गोष्ट सारखी आहे : तिघांच्याही पायांची वा हातांची किंमत ठरविणारे पुष्कळ होते, आणि खेळ संपल्यावर संध्याकाळी हा मुलगा कोठे जातो, हे विचारणे कोणाचेच काम नव्हते.

मुंबईच्या मैदानांची व्यवस्था ह्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. शालेय स्पर्धा, क्लब, कांगा लीग, कचेऱ्यांचे संघ, रणजी. एका पायरीवरून दुसरीवर मुलगा आपोआप चढत जातो. ह्या जिन्याच्या जोरावर मुंबईने २०२४ पर्यंत ४२ वेळा रणजी करंडक जिंकला, त्यांतील शेवटचा विजय विदर्भावरच मिळविलेला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांसमोर असा जिना कधीच नव्हता. विदर्भाला पहिला रणजी करंडक मिळाला तोच मुळी २०१७-१८ च्या हंगामात. पुढे २०१८-१९ आणि २०२४-२५ साली आणखी दोन. खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव २०११ साली भारताकडून कसोटी खेळला, तेव्हा विदर्भाच्या संघातून तेथवर गेलेला तो पहिलाच. जिना नसल्याचे दुःख आपल्या भागाला ठाऊक आहे. जिना आहे, पण वरच्या मजल्यावर कठडाच नाही, हे मुंबईचे दुःख कांबळीच्या रूपाने दिसले.

मैदान सुटल्यावर कांबळी यांनी चित्रपटांत काम करून पाहिले. २००९ साली विक्रोळीतून विधानसभेची निवडणूक लढविली, ती हरले. त्याच वर्षी दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमात, सचिनला आपल्यासाठी अधिक काही करता आले असते, अशा आशयाचे ते बोलून गेले आणि कित्येक वर्षे लोकांचे बोल खात राहिले. मित्राने मित्राला किती सावरावे, याचे माप बाहेरच्यांनी काढू नये हे बरे. २०१२ साली त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर उपचार करावे लागले. नोव्हेंबर २०१३ मध्ये मोटार चालवीत असताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला. वाहतूक पोलिसांतील एका महिला अधिकाऱ्याच्या प्रसंगावधानामुळे ते वेळेत रुग्णालयात पोहोचले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी उघडपणे सांगितले की, क्रिकेट नियामक मंडळाचे दरमहा ३०,००० रुपयांचे निवृत्तिवेतन एवढेच आपले उत्पन्न असून, आपणांस मुलांना शिकविण्याचे काम हवे आहे. मुंबई क्रिकेट संघटनेकडे त्यांनी हे मागणे केले. दान नव्हे, काम.

३ डिसेंबर २०२४ रोजी शिवाजी पार्कावर आचरेकर सरांच्या स्मारकाचे अनावरण झाले. सर २०१९ च्या जानेवारीतच निवर्तले होते. व्यासपीठावर कांबळी आधीच बसलेले होते. तेंडुलकर चालत त्यांच्यापाशी गेले. कांबळी यांनी त्यांचा हात धरला तो सोडवेना. त्यांची वाणी अडखळत होती, तरी सरांच्या आठवणीसाठी त्यांनी गाण्याची ओळ म्हटली. थोड्याच दिवसांत, २१ डिसेंबरला, त्यांना ठाणे जिल्ह्यातील एका रुग्णालयात ठेवावे लागले. तपासणीत मेंदूत रक्ताच्या गाठी आढळल्या. १९८३ च्या विश्वविजेत्या संघातील मंडळींनी मदतीची तयारी दाखविली, पण आधी व्यसनमुक्तीचे उपचार पत्करावेत असे सुचविले. कांबळी यांनी ते मान्य केले. जानेवारी २०२५ मध्ये वानखेडे मैदानाच्या पन्नाशीच्या सोहळ्यात त्यांचा सत्कार झाला, तेव्हा त्यांनी सुनील गावस्कर यांचे पाय शिवले. ज्या मैदानावर त्यांनी २२४ धावा केल्या होत्या, तेच हे मैदान. त्या एप्रिलपासून गावस्कर यांच्या संस्थेने त्यांना दरमहा ३०,००० रुपये हयातभर, आणि औषधपाण्यासाठी वर्षाला आणखी ३०,००० रुपये देण्याचे ठरविले.